बेचिराग लिहिणारा माणूस

मोहरील सराची नक्कल करायची असंल तर आधी मान आखडून घ्या. मंग हनुवटी इतकी वर करा की समोरच्याले तुमच्या नाकातले केस मोजता आले पाहिजे. आता डाव्या हाताचं बोट वर. घसा दोनदा खाकरा, तिसऱ्यांदा खाकरता खाकरता थांबा, आन म्हणा, "अर्थात!" झालं. मोहरील सर तयार. त्या 'अर्थात'च्या पुढं बोलाले त्याच्याजवळही फारसं काही नसे.

मी लहानपणापासूनचा नकल्या. खाप्याले शिकलो. तिथल्या हेडमास्तरची केली, कोष्ट्याच्या मागाची केली, कन्हान नदीवरच्या डोंग्यावाल्याची केली. एकदा तर पोटदुखीची अशी केली की घरच्यांनी खरंच वैद्य आणला आन मले काढा प्या लागला. पण ज्याची नक्कल करतो त्याच्यावर थोडं तरी प्रेम बसतेच. त्याचं बोलणं तोंडात घोळवता घोळवता तो माणूस आपला होऊन जाते. मोहरील सर एकटा असा निघाला की हजारदा नक्कल केली आन एकदाही प्रेम नाही बसलं. म्हणून मी त्याले 'ते' नाही म्हणत. तुमी मले उद्धट म्हणा.

तो तालुक्याच्या हायस्कुलात भूगोलाचा मास्तर होता. नागपूरच्या उत्तरेले, शेत संपून सागवान सुरू होते, तिथला आमचा तालुका. एका गावातून निघालं तर दुसरं गाव येईपर्यंत बिड्यांचा कट्टा संपून जाये. माणसं कमी, झाडं जास्त, आन रस्ते नकाशातच. मी तिथं हिवरबोडी नावाच्या गावात एकशिक्षकी शाळेवर होतो. मोहरील सर तालुक्याच्या ठिकाणी नोकरीले, पण राहणं नागपुरात. रोज एस.टी.नं यायचं, रोज एस.टी.नं जायचं. हातात थर्मास, काहून की तालुक्याच्या पाण्यानं त्याचं पोट बिघडे. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. काखेत मेणकापडात गुंडाळलेला नकाशा. कोणी विचारलं, "सर, इथंच खोली काहून नाही करत?" की मान आखडे.

"अर्थात, मी इथे येतो. इथे राहत नाही."

वर्गात तो अख्खा तालुका तीन वाक्यांत शिकवे. "हा प्रदेश डोंगराळ आहे. जमीन हलकी आहे. लोकसंख्या विरळ असून लोक मागासलेले पण समाधानी आहेत." पोरं हे घोकत. त्याच विरळ लोकसंख्येतली पोरं, दोन-दोन कोस चालत आलेली. एक दिवस एका पोरानं हात वर केला.

"सर, आमी समाधानी हावो हे तुमाले कोनं सांगतलं?"

मोहरील सरानं त्याले बेंचावर उभं केलं, घसा दोनदा खाकरला आन म्हणे, "पुस्तकात आहे."

मी त्याची नक्कल बस स्टँडच्या हॉटेलात करे. चहावाला, दोन कंडक्टर, पोस्टातला शिपाई, अशी पक्की मंडळी होती. एकदा मी ऐन रंगात, बोट वर, नाक वर, "हा प्रदेश डोंगराळ आहे" चालू, आन समोरच्यांचं हसणं एकाएकी बंद पडलं. मागं पाहतो तर मोहरील सर, थर्मास घेऊन उभा. म्हटलं मेलो. तो जवळ आला, मले खालून वरपर्यंत पाहिलं आन म्हणे, "छान करता हो ढोमणे. कोण हा गृहस्थ? कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. फारच हास्यास्पद माणूस असला पाहिजे."

मी म्हटलं, "हाव सर. आहे एक."

तवापासून त्याच्याबद्दलची माही सगळी भीती गेली, आन भीतीच्या जागी जे आलं ते आजपर्यंत हललं नाही.

एकाहत्तरची जनगणना आली. आमच्यासारखे प्राथमिक शाळेचे मास्तर घरोघर जाऊन माणसं मोजणार आन मोहरील सर आमच्यावर सुपरवायझर. तालुक्याले आमचं ट्रेनिंग झालं. त्यानं फळ्यावर नकाशा टांगला, छडी घेतली आन सांगू लागला की मागच्या मोजणीतही तोच सुपरवायझर होता. त्याच्या भागात एकही चूक निघाली नाही म्हणून त्याले वरून प्रशस्तिपत्र आलं. ते फ्रेम करून घरी लावलं आहे. फ्रेम सागवानी आहे. हे त्यानं ट्रेनिंगच्या तीन दिवसांत चार वेळा सांगितलं.

मंग म्हणे, "कुटुंब म्हणजे काय? नातं नव्हे. रक्त नव्हे. एका चुलीवर जेवतात ते कुटुंब. आता विरळ वस्तीत घर रिकामं की भरलेलं हे लांबूनच कसं ओळखायचं? अर्थात, धुरावरून! धूर नाही म्हणजे चूल नाही. चूल नाही म्हणजे कुटुंब नाही. कुटुंब नाही म्हणजे गाव बेचिराग."

बेचिराग म्हणजे सरकारी कागदातलं ते गाव, जिथं दिवा लागत नाही. नाव आहे, शिवार आहे, माणूस नाही. चूल आन कुटुंबाचं जे सांगितलं ते नियमातच होतं. धुराचा शोध सराचा स्वतःचा.

मागं बसलेला एक म्हातारा मास्तर म्हणे, "सर, जवळ जाऊन पाहिलं तर?"

"जवळ जाऊन पाहायला आपण काय जावई आहोत का?" मोहरील सर म्हणे. "माझ्याकडे दुर्बीण आहे."

माह्या वाट्याले हिवरबोडी आन नाल्यापलीकडचा धामनटोला आला. दीड कोस जंगलातून चालायचं, मधात नाला, मंग टेकाडाच्या पायथ्याशी अकरा घरांचा टोला. तिथली मनकाबाई उईके मले आधीपासून ओळखत होती. तिचा पोरगा माह्या शाळेत येये. मागच्या पावसाळ्यात नाल्याच्या पुरात तो वाहता वाहता वाचला. पोरगा हाती लागला, पाटी-दप्तर गेलं. तवापासून मनकाबाईनं पोराले घरीच ठेवलं. तिच्या मागून टोल्यातल्या साऱ्यांनी आपापली पोरं घरी ठेवली. दोष कोणाले द्यावा? पावसाळ्यात त्या नाल्यातून मी मोठा माणूसही घाबरत जाये.

मोजणीच्या पहिल्या दिवशी मी गेलो, तर तिनं डब्यातून एक घडी केलेला कागद काढला.

"हे वाच गा मास्तर. आमी अर्ज केला होता, टोल्यात शाळा पायजे म्हनून. साऱ्याइनं आंगठे देल्ले. त्याचं उत्तर आलं. पोस्टमननं देल्लं, पन वाचून कोनी दाखवलं नाही. काय म्हन्ते?"

मी वाचलं. "मनकाबाई, हे म्हन्ते की तुमचं गाव बेचिराग आहे. म्हणजे इथं कोणी राहतच नाही. म्हणून शाळा देता येत नाही."

ती हसली.

"इथं कोनी राहत नाही म्हन्ते?"

"हाव."

"मंग हे उत्तर कोनाले धाडलं बाप्पा?"

मी विचारलं, मागची मोजणी झाली तवा कोणी आलं नव्हतं का? तिचा नवरा, झाडू उईके, दारात दोर वळत बसला होता. तो म्हणे, "आला होता एक पांढऱ्या बुटाचा. त्या तळ्याच्या पाळीवर उभा राहिला. डोयाले दोन नळ्या लावल्या, इकडं पाह्यलं, आन चालला गेला. आमाले वाटलं जंगलवाला असंल, वाघ पाहून राहिला."

पांढऱ्या बुटाचा म्हटल्यावर मले पुढं काही विचाराची गरज उरली नाही. त्या एका नजरेपायी टोल्याची शाळा दहा वर्षं अडकली होती. आता या वेळी मोजल्या गेले तरच ते कागदावर गाव होणार होते. नाहीतर आणखी दहा वर्षं. तोपर्यंत मनकाबाईच्या पोराले पोरं झाली असती.

मी मन लावून मोजलं. दारावर गेरूनं घराचे नंबर टाकले. अकरा घरं, त्रेपन्न माणसं. त्यातला एक तर चार दिवसांचा, त्याचं अजून नावही नव्हतं ठेवलं. मनकाबाई माह्या मागं मागं फिरे आन हरेक घरात सांगे, "बराबर सांगजा वं बायांनो. कोनाले लपवू नोका. या वक्ती आपल्याले दिसाचं आहे."

माणसामागं एक, अशा स्लिपा घेऊन मी तालुक्याले गेलो. मोहरील सरानं गठ्ठा पाहिला, आपली जुनी वही काढली, आन भुवया वर गेल्या.

"धामनटोला? हे तर बेचिराग आहे."

"नाही सर. अकरा घरं आहेत. मी प्रत्येक घरात पाणी पेलो."

"पाणी प्यालात?" तो असा दचकला जसं काही मी विष पेलो. "ढोमणे, बेचिराग गावात त्रेपन्न माणसं कुठून येतात? झाडाला लागतात का? मी स्वतः येऊन पाहीन."

आन खरंच आला. पण यायले त्यानं आठ दिवस लावले, आन त्या आठ दिवसांत मोहफुलं गळाले लागली.

मोहाचे दिवस ज्यानं पाहिले नाही त्याले सांगतो. फुलं पहाटेपासून टपटप पडते. जनावरं आन अस्वलं यायच्या आधी वेचा लागते. म्हणून सारा टोला घरादाराले सोडून आपापल्या मोहाच्या झाडाखाली जाऊन राहते. लेकरं, कोंबड्या, पाण्याचा गंज, तवा, सारं सोबत. पंधरा-वीस दिवस तिकडंच राहणं, तिकडंच रांधणं. निघताना दाराले बोराटीची काटेरी फांदी आडवी लावून जाते. ढोरं घरात घुसू नये म्हणून. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालेही कळते की दाराले काटी म्हणजे घरचे बाहेर गेले, येतीलच. हे न कळाले भूगोलाचा मास्तरच पाहिजे.

सर हिवरबोडीले आला. तिथून पुढं पायी. नाल्याले मार्चातही गुडघाभर पाणी होतं. मोहरील सर काठावर थांबला, आपल्या पांढऱ्या बुटाकडं पाहिलं, आन माह्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. तेवढ्यात झाडू उईके मोहाचं टोपलं घेऊन हिवरबोडीकडं येऊन राहिला होता. सरानं त्याले बोट दाखवलं.

"ए, इकडे ये. मला पलीकडे ने."

झाडूनं टोपलं ठेवलं, बसला, सराले खांद्यावर घेतलं. थर्मास, नकाशा, दुर्बीण, सारं सराच्या अंगावर. नाल्याच्या मधात गेल्यावर, त्या माणसाच्या खांद्यावर बसल्या बसल्या, त्याच्या मुंडक्याले दोन्ही हातांनी धरून, मोहरील सर चारी बाजूले पाहते आन मले म्हणते, "बघा ढोमणे. मैलोन् मैल मनुष्यवस्तीची खूण नाही."

खाली झाडू म्हणे, "साहेब, मुंडकं जरा सैल धरा."

मी नाल्यात बसलोच हसता हसता. सराले वाटलं पाय घसरला.

पलीकडं गेल्यावर तो गावात आलाच नाही. तळ्याच्या पाळीवर चढला. दहा वर्षांपूर्वीचीच जागा असंल. दुर्बीण लावली.

"एकाही घरातून धूर नाही."

"सर, मोहाचे दिवस आहेत. सारे जंगलात गेले. ते पाहा, तिकडं झाडात धूर दिसून राहिला. चुली तिकडंच आहेत."

"तो जंगलातला धूर. तो जंगलखात्याकडे. माझ्याकडे घरातला धूर लागतो." मंग दुर्बीण थोडी हलवली. "दारांवर काटे टाकलेले आहेत. याचा अर्थ सोडून दिलेली घरं. अर्थात!"

झाडू बाजूलेच उभा होता, चड्डीतून पाणी गळत होतं. तो म्हणे, "साहेब, ते निंबाजवळचं तिसरं घर माहं आहे. काटी मीच लावली."

मोहरील सर मले म्हणे, "याला सांगा, मध्ये बोलू नको."

मले राहवलं नाही. मी झाडूले जंगलात पाठवलं. अर्ध्या घंट्यात सारा टोला पाळीखाली येऊन उभा. डोक्यावर टोपली, कडेवर पोरं, अंगाले मोहाचा वास. पुढं मनकाबाई. चार दिवसांचं होतं ते लेकरू आता बारा दिवसांचं झालं होतं, तेही आणलं. ती खालून म्हणे, "साहेब, या खाली. मोजून घ्या आमाले. जितके वेळा लागंल तितके वेळा मोजा."

मोहरील सर उतरला नाही. मले हाताले धरून थोडं बाजूले नेलं, आन पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला.

"ढोमणे, मागच्या वेळी इथे बेचिराग मी लिहिलं आहे. माझी सही आहे. प्रशस्तिपत्र आहे. आता त्रेपन्न माणसं दाखवली तर वर काय विचारतील?"

"सांगाचं, तवा चुकलं म्हणून."

"भूगोल चुकत नाही, ढोमणे. माणसं इकडची तिकडे होतात."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ जागी म्हणून दाखवलं आहे. लोक हसते. त्या दिवशी त्या पाळीवर मले हसू नव्हतं आलं.

मंग त्यानं तोड काढली. लाल पेन्सिल घेतली आन माह्या स्लिपांवरून 'धामनटोला' खोडून प्रत्येकीवर 'हिवरबोडी' लिहिलं. त्रेपन्न वेळा. पाळीवर बसून, मांडीवर नकाशा ठेवून, मधात थर्मासातलं पाणी पीत. "झालं," म्हणे. "एकही माणूस सुटला नाही. आणि गावही जिथल्या तिथे राहिलं. करा सही."

मी सही केली. बावीस वर्षांचा होतो, नोकरी कच्ची होती, हे सारं खरं आहे. पण केली. ज्या माणसाची मी हॉटेलात टिंगल करे, त्याच्या लाल पेन्सिलीखाली माही निळी सही आहे, आन ती कुठंतरी अजून असंल.

खाली येऊन मनकाबाईले सांगितलं. ती म्हणे, "म्हंजे आमी हिवरबोडीत राहून राहिलो?"

"कागदावर."

"आन निजाले चुकून इथं येतो काय?" बाया हसल्या. ती नाही हसली. "मंग शाळा?"

तिनं पाळीवरच्या माणसाकडं पाहिलं. "त्याले नेमकं पायजे तरी काय होतं गा, मास्तर?"

"धूर," मी म्हटलं. "घरातून निघालेला धूर दिसला पाहिजे म्हणते."

"धूर?" ती म्हणे.

जाता जाता सरानं हुकूम सोडला, दारावरचे गेरूचे नंबर पुसून टाका, बेचिराग गावात नंबर कसे? मी ओला फडका घेऊन दोन दारं पुसली. तिसऱ्या दाराच्या उंबरठ्यावर मनकाबाई बसून गेली. म्हणे, "हा नाही पुसू देत." मी फडका फेकला आन निघालो.

पुढं मले नागपुरात शाळा मिळाली. दहा वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. लग्न झालं, केस गेले, नकला वाढल्या. एक्याऐंशीची मोजणी आली. त्याच सुमारास हिवरबोडीचा नवा मास्तर, शेंडे, कामानं नागपूरले आला आन माह्याकडं जेवाले थांबला. घास तोंडात, आन हसून राहिला.

"धामनटोल्याचं ऐकलं का? सुपरवायझर आले पाहाले. नवीन माणूस, बिचारा. नाला ओलांडून येतो तर म्हणे गावाले आग लागली. अकराच्या अकरा घरांतून धूर! भर दुपारी! एक बाई प्रत्येक चुलीत ओला पाला कोंबत फिरून राहिली. सुपरवायझर डोळे चोळत खोकत म्हणे, अहो बाई, कळलं, राहता तुम्ही इथे, बंद करा. ती म्हणे, आधी लिव्हा."

"लिहिलं?"

"लिहिलं म्हणजे? पळता पळता लिहिलं. एका दारावर तर जुनाच गेरूचा नंबर होता. दर दिवाळीले त्याच्यावरून गेरू फिरवते म्हणे."

मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता शेवटचं. त्या मोजणीत मले नागपुरातल्या नंदनवनचा एक भाग आला होता. घर, घर, घर, आन एका फाटकावर पाटी: मोहरील. मी थांबलो. सायकल उभी केली. मान आपोआप आखडली, तिले सैल केलं.

दार उघडलं त्यानंच. बारीक झाला होता. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. बायको वारली होती, पोरगा कुठंतरी दूर नोकरीले. भिंतीवर सागवानी फ्रेम. मले ओळखलं नाही त्यानं. खुर्ची दिली, चष्मा लावला, माह्या फॉर्मात डोकं घातलं आन चुका शोधू लागला. घरात स्वयंपाकाचा वास नव्हता. कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा डबा होता, चार खणी.

मी विचारलं, "जेवण?"

"डबा येतो. महाल भागातून, एका खानावळीतून. दोन्ही वेळचा."

बस. मी पेन बंद केलं. घसा दोनदा खाकरला, तिसऱ्यांदा खाकरता खाकरता थांबलो. बोट वर केलं.

"अर्थात! धूर नाही म्हणजे चूल नाही. चूल नाही म्हणजे कुटुंब नाही."

त्यानं चष्म्यातून पाहिलं. "असं कोण म्हणतं? कोणी मूर्खाने शिकवलेलं दिसतं तुम्हाला."

"माह्या सुपरवायझरनं शिकवलं. त्यानं आणखी एक तोड शिकवली होती, नाव इथून खोडाचं आन तिथं लिहाचं. तुमचं नाव मी महालातल्या खानावळीत जोडून देतो. एकही माणूस सुटणार नाही."

मी उठलोच. फाटकापर्यंत गेलो. मजाक होती, घरी जाऊन लिहिणारच होतो. पण मागून तो आला, चप्पल न घालता.

"अहो मास्तर, असं कसं? डबा महालात शिजतो म्हणून मी काय महालात राहतो? मी इथे राहतो! इथेच राहतो मी!" मले बाहीले धरलं. "थांबा. चहा टाकतो. स्टोव्ह आहे माझ्याकडे. बसा. जाऊ नका."

तो आत पळाला. मी फाटकात उभा. आतून डबे पडल्याचा आवाज, काडी ओढल्याचा, पुन्हा काडी ओढल्याचा. वातीचा स्टोव्ह, किती महिन्यांत पेटला नसंल कोण जाणे. मंग स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर निघाला. काळा, घाणेरडा, रॉकेलचा धूर. त्याच्यात मोहरील सर खोकून राहिला, आन कशानं तरी धूर बाहेर ढकलून राहिला, मले दिसावा म्हणून. नीट पाहिलं तर हातात मेणकापडाची ती गुंडाळी होती.

"दिसतोय का?" तो आतून ओरडला. "लिहा!"

मी फाटकावर फॉर्म टेकवला आन लिहिलं. घर एक, माणूस एक. फाटकाच्या खांबावर गेरूनं नंबर टाकला, आन सायकल काढली.

मोहरील सराची नक्कल आता मी इथं संपवतो. डोळे चोळतो, खोकतो, नकाशानं वारा घालतो, "दिसतोय का? लिहा!" लोक खुर्चीतून पडते हसून. नक्कल जुनी झाली तरी हा शेवट काही जुना होत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात धामनटोल्याले गेलो होतो. शाळेच्या भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. मनकाबाईले म्हटलं, ऐक, तुह्या पांढऱ्या बुटवाल्याची गंमत. सारी नक्कल करून दाखवली, स्टोव्हपर्यंत, धुरापर्यंत. झाडू पोट धरून हसला. मनकाबाई चुलीत काटकी सरकवत होती.

"मंग चाय पेला काय गा त्याचा?"

"नाही."

"प्या लागत होता," ती म्हणे. "येवढा धूर केला त्यानं."